आत्याच्या घरची दुहेरी रेघ

आमच्याकडे जेनेटिक्स म्हटलं की लोकांना एकतर उसाचं बेणं आठवतं, नाहीतर गाय. राहुरीचं कृषी विद्यापीठ जवळ असल्याचा हा परिणाम. त्यामुळे बीएस्सी झाल्यावर मी जेनेटिक काउन्सेलिंगच्या एमएस्सीला अर्ज करणार असं घरात जाहीर केलं, तेव्हा थोरल्या चुलत्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हंजी नवीन वाण काढनार का?" मी म्हटलं, वाण नाही काका, माणसं. काही आजार घराण्यातून उतरतात. ते का उतरतात, पुढच्या लेकराला व्हायची भीती किती, कोणती तपासणी आधी करायची, हे त्या घरातल्या माणसांना नीट समजावून सांगायचं. ठरवायचं काय ते त्यांचं त्यांनी. काकांनी तंबाखू मळता मळता माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आन लोक तुला घरातलं सांगतील?"

मला त्या प्रश्नाचा राग आला. त्यांना म्हणायचं होतं की मी एक पोरगी, मला कोण विचारतंय, असं मी धरून चालले. मी मुळातच संशयी. आई म्हणते, ही जन्मली तेव्हा सुईणीकडेसुद्धा वाकड्या नजरेनं बघत होती.

वडिलांची परवानगी होती, पण अटीची. आदल्या वर्षी मी तीन ठिकाणी अर्ज केले होते आणि तिन्हीकडून नकार आला होता. आता शेवटची संधी. "ह्या वक्ताला नंबर लागला तर खुशाल जा," वडील म्हणाले, "न्हाई लागला तर उन्हाळ्यात आत्याच्या घरी." आत्याच्या घरी म्हणजे पाहुणी म्हणून नव्हे, सून म्हणून.

आमच्या घरची ही रीतच होती. आजोबांची बहीण राहुरीकडच्या एका गावात दिली होती. तिच्या मुलाला आजोबांनी आपली मुलगी दिली, ती माझी आत्या. आत्याच्या एकुलत्या एका मुलाला मी, हे मी पाळण्यात असतानाच बोलून ठेवलेलं. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो, घरातली लक्ष्मी घरात राहते, वगैरे. सुपारी फुटली नव्हती, पण आतेभावाचा वाढदिवस आला की आई मला फोन करायला लावायची. आतेभाऊ वाईट होता असं अजिबात नाही. ठिबक सिंचनाची कामं घ्यायचा, सरळ होता, आणि फोनवर माझ्याइतकाच अवघडून बोलायचा. मला तो नको होता असं मी तेव्हा कुणाला म्हटलं नाही, स्वतःलाही नाही. मला फक्त शिकायचं होतं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

आदल्या वर्षीच्या नकाराचं खापर मी कॉलेजातल्या सरांवर फोडलं होतं. शिफारसपत्र त्यांनी पाठवलंच नसेल, किंवा पाठवलं तरी मुद्दाम कोमट लिहिलं असेल, अशी माझी खात्री होती. दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र मागायला गेले तेव्हा मी आडून आडून चौकशी केली. सरांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पत्र वेळेत गेलेलं होतं आणि मला माझीच लाज वाटावी इतकं चांगलं होतं. मग त्यांनी माझा जुना निबंध वाचायला मागितला. वाचून म्हणाले, "यात मानवजातीची सेवा आहे, विज्ञानाची प्रगती आहे. तू कुठे आहेस?" मी तो निबंध इंटरनेटवरच्या चार निबंधांतून जुळवला होता, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

त्या वर्षी दक्षिणेतल्या एका संस्थेनं अर्जासोबत एक वेगळंच काम दिलं होतं. स्वतःच्या घराण्याचा तीन पिढ्यांचा तक्ता काढायचा आणि त्यातून काय कळलं ते एका पानात लिहायचं. या तक्त्याची ठरलेली पद्धत असते. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. नवरा-बायकोमध्ये एक आडवी रेघ, आणि ती दोघं मुळात नात्यातली असतील तर दोन रेघा.

तयार माल घरात होता. काकांनी मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ काढून घेतली होती. तहसीलच्या चकरा मारून, जुनी मोडी वाचणारा माणूस शोधून त्यांनी सात पिढ्या जमवल्या होत्या आणि त्या कागदाला ते देव्हाऱ्यातल्या पोथीसारखं जपत. मी मागितल्यावर त्यांनी आनंदानं दिला. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर खालच्या तीन पिढ्या उतरवून घ्यायला बसले, तेव्हा लक्षात आलं की त्या सात पिढ्यांत एकही बाई नाही. नुसते बाप आणि मुलगे. जणू आमच्या घराण्यातले पुरुष एकमेकांपासूनच होत आले होते.

मी बायका घालायला सुरुवात केली. आजी, तिच्या पाठोपाठ आजोबांची बहीण. मग खालच्या ओळीत काका, वडील आणि त्यांच्याच ओळीत, त्यांच्याच उंचीवर, आत्याचा गोल.

काका पाणी प्यायला आत आले आणि माझ्या मागे उभे राहिले. मग त्यांनी आत्याच्या गोलावर बोट ठेवलं.

"हिला कामून वढली वळीत? हिचं हक्कसोड झालंय."

आधी मला कळेचना. मग डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात बाप गेला की बहिणी तहसीलला जाऊन सही करतात, जमिनीतला हक्क भावांना सोडून देतात, आणि भाऊबीजेला माहेरची वाट मोकळी राहते. आत्यानंही केली होती. आता त्याच कागदांतून मी नवा तक्ता काढत होते, त्यात तिला भावांच्या बरोबरीनं बसवत होते, आणि वर मी होते तिची होणारी सून. काकांच्या जागी मी असते तर मलाही घाम फुटला असता.

"काका, हा वारसांचा तक्ता नाही. आजारांचा आहे."

"आजार? आपल्या घरात कोन आजारी हाय?"

"आत्याच्या दोन मुली गेल्या ना, त्या..."

काकांनी कागद उचलला. फाडतात की काय असं वाटलं. फाडला नाही, घडी घालून माझ्या हातात दिला. म्हणाले, "त्यांचं नाव काडायचं न्हाई ह्या घरात. लोकांच्या कानाव गेलं की घरानं नासकं हाय, तर माज्या पोरींला कोन करनार?"

मी गप्प बसायला हवं होतं, पण जिभेला हाड नाही माझ्या. गोठ्याच्या खुंटीवर काकांची एक वही टांगलेली असते. कोणत्या गाईला कोणत्या वळूच्या कृत्रिम रेतनाची कांडी भरली, हे त्यात बिल्ला नंबरासकट लिहिलेलं असतं. गाय भरवायला डॉक्टर येतो तेव्हा काका स्वतः वही काढून बघतात आणि एकाच वळूचं रक्त फिरून त्याच्याच लेकीत जाऊ देत नाहीत, वासरं कमजोर निघतात म्हणून. मी म्हटलं, "गाईंचं एवढं बघता, मग आत्याला देताना का नाही पाहिलंत?"

वडील ओट्यावर होते. ते आत आले. काकांचा चेहरा उतरला होता. "गाई आन मानसं येक का गं?" एवढंच ते म्हणाले आणि पाणी न पिताच गेले. वडील मला ओरडले नाहीत. पण त्यांनी मला जे विचारलं ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "तुला खरंच अर्ज भरायचाय, का लगीन मोडायचंय?"

मी तो घडी घातलेला कागद पुस्तकात सरकवला.

भाऊबीजेला आत्या आली, ओवाळून, जेवून, साडी घेऊन गेली. जाताना काकांनी तिला गोठ्याकडे नेऊन काहीतरी सांगितलं. मी खिडकीतून पाहिलं. दोघं बोलत होते, आत्यानं एकदा वळून खिडकीकडे पाहिलं. झालं. काकांनी माझं गाऱ्हाणं गायलं, हे मी ओळखलं. घरातला प्रत्येक जण आपला अर्ज पडावा म्हणून टपलाय, असं मला तेव्हा वाटत होतं आणि त्यात मला एक प्रकारचा आनंदही होता. शत्रू असले की माणूस नेटानं कामाला लागतो.

पंधरा दिवसांनी मी आत्याकडे गेले. निमित्त काढलं आईच्या हातच्या कुरडयांचं. मुळा नदीच्या कालव्यावरचं गाव, रस्त्याला लागून त्यांची कांदा साठवायची चाळ. आत्या चाळीच्या सावलीत बसून कांदे निवडत होती, चांगले एकीकडे, नासके दुसरीकडे. मी शेजारी बसले आणि निवडायला लागले.

"कुरडया द्याया यष्टीनं यवडी लांब आलीस व्हय," आत्या म्हणाली.

"कॉलेजचं थोडं काम आहे आत्या. माहिती गोळा करायची आहे."

"कसली?"

"लहान मुलांच्या आजारांची. सर्वे आहे." सर्वे हा शब्द मी एसटीत बसल्या बसल्या ठरवला होता. सर्वे म्हटलं की आमच्याकडे लोक सगळं सांगतात. किती गुरं, किती संडास, किती लेकरं.

आत्यानं हातातला कांदा दाबून पाहिला. "तुला माजं पोरगं नगं आसंल तर तसं सांग. मी काय मारनार न्हाई."

"तसं काही नाही आत्या." हे मी इतक्या पटकन म्हटलं की माझं मलाच खोटं वाटलं.

ती पुन्हा कांदे निवडायला लागली. मी हिशेब करत होते की आता उठावं की आणखी थोडं बसावं. मग तिनं आपणहून सुरू केलं, मान खाली, हात चालू.

पहिली सहा महिन्यांपर्यंत गुटगुटीत होती. मग पांढरी पडायला लागली. दूध ओढायची नाही. पोट मोठं झालं. नजर काढली, देवाला नेलं, शेवटी नगरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं रक्त चढवलं की गाल लाल व्हायचे, तीन आठवड्यांत पुन्हा पांढरे. पेरणीच्या दिवसांत रक्त चढवायची एक खेप चुकली, मग आणखी एक, आणि ती गेली. दुसऱ्या मुलीच्या वेळी लक्षण ओळखीचं होतं. "तवा मला कळलं हुतं," आत्या म्हणाली, "तिची नखं बगितली आन कळलं." मग हा मुलगा झाला. दोन वर्षं ती रोज सकाळी उजेडात नेऊन त्याची नखं बघायची.

"डॉक्टरांनी काही विचारलं नाही? नात्यातलं लग्न आहे का, असं?"

"इचारलं की. सासूबाई म्हनल्या, न्हाई, लांबचं हाय."

सासूबाई म्हणजे आजोबांची बहीण, आत्याची सख्खी आत्या. भाचीला सून करून घेतलेली बाई डॉक्टरांसमोर उभी राहून म्हणाली होती, मुलगी लांबच्या गावची आहे. कारण शेजारच्या खाटेवरच्या बाईला डॉक्टर नात्यातल्या लग्नावरून फाडफाड बोलले होते. आपल्याला बोलतील, मग रक्त देणार नाहीत, ही भीती. दुसऱ्या वेळीही तेच उत्तर दिलं, कारण पहिल्या वेळी दिलं होतं. कागदावर रक्त कमी एवढंच राहिलं, आणि आमच्या घरात कुणाला कधी कळलं नाही की त्या दोन मुलींच्या आजाराचा एक धागा आमच्याही घरातून गेलेला असू शकतो. त्यात वडील, काका, मी, सगळेच.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या मनात आलं ते हे, की निबंध मिळाला. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, पण खरं लिहायचं तर हे लिहावंच लागेल. मी एसटीत बसून पहिला परिच्छेद मोबाईलवर टाईप केला, गाव यायच्या आत.

तक्ता सुंदर झाला. आत्या आणि तिचे मालक यांच्यामध्ये दोन रेघा ओढल्या. खाली दोन छोटे गोल, दोन्हींवर तिरकी रेघ. त्यांच्या शेजारी आतेभावाचा चौकोन. निबंधात डॉक्टरांसमोर बोललेलं ते खोटं लिहिलं, आणि लिहिलं की लोकांना खरं बोलायची भीती वाटू नये म्हणून मला हे काम करायचंय. वाचून सर म्हणाले, आता तू सापडलीस.

अर्ज गेल्यानंतर चार-पाच दिवसांनी आत्याचा वडिलांना फोन आला. मी चहा गाळत होते. वडील नुसतं हं, हं करत होते. मग म्हणाले, "आगं पन झालं काय?" फोन ठेवला आणि खाली बसले. आत्यानं सांगितलं होतं की आम्हाला ही सोयरीक करायची नाही. पोरगी लई शिकलेली, लई बोलते, आमच्यात निभायची नाही.

ज्या लग्नातून सुटायची माझी धडपड चालली होती ते आपोआप सुटलं, तर मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. मला नाकारलं? मी नाकारण्याआधी? गावात दोन दिवसांत झालं, की आत्यानंच पोरगी नको म्हटलं, म्हणजे काहीतरी असणार. आईनं अंथरूण धरलं. वडिलांनी अट बदलली. यंदा नंबर लागला नाही तर येईल ते पहिलं स्थळ, कारण आता वेळ घालवून चालणार नाही. आणि मी काकांशी बोलणं टाकलं. त्यांनीच गोठ्यापाशी कान भरले, यात मला तिळमात्र शंका नव्हती. ते सकाळी दूध घालायला निघाले की मी तोंड फिरवायची. त्यांनी एकदा विचारलं, "काय गं, काय झालं?" किती साळसूद, असं मी आईला म्हटलं.

मुलाखतीचं पत्र आलं. ऑनलाइन मुलाखत, दुपारी. आमच्याकडे नेटवर्क गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच नीट मिळतं, म्हणून मी तिथे खुर्ची टाकली, मागे ओढणी बांधून भिंत झाकली. सुरू व्हायच्या आधी जिन्यात पावलं वाजली. वाकून पाहिलं तर वडील. ऐकायला आले असतील, वाटलं. ते बोअरची मोटर बंद करून आले होते, आवाज नको म्हणून, आणि मुलाखत होईपर्यंत कुणी वर जाऊ नये म्हणून खालच्या पायरीवर बसून राहिले. हे मला नंतर आईनं सांगितलं.

पडद्यावर तिघं होते. दोन बायका आणि एक वयस्कर सर. आत्याच्या मुलींच्या लक्षणांवरून त्यांनी थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराबद्दल विचारलं, ते मला येत होतं. वाहक म्हणजे काय, स्वतः निरोगी असलेल्या दोन वाहकांचं लेकरू आजारी का होऊ शकतं, हे मी घडाघडा सांगितलं. तक्त्याचं कौतुक झालं. मग त्यातल्या एका बाईंनी तक्ता पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि शांतपणे विचारलं, "तुमच्या या आत्यांना माहीत होतं का, की तुम्ही हे आमच्यासाठी विचारताय?"

मी म्हटलं, "हो."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मागे सगळं वर्ष उभं होतं, आणि येईल ते पहिलं स्थळ. मी म्हणाले, "त्या म्हणाल्या, माझी लेकरं गेली, पण दुसऱ्या कुणाची वाचणार असतील तर लिही."

बाईंनी चष्मा काढला. दुसऱ्या बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. सर म्हणाले, फार मोठ्या मनाच्या आहेत तुमच्या आत्या. मी मान हलवली.

माझी निवड झाली. पत्र आलं तेव्हा वडील उसाला पाणी देत होते, मी तशीच अनवाणी बांधावरून पळत गेले. काकांनी कोल्हारवरून पेढे आणले आणि पहिला पेढा मला दिला. मी घेतला, पण गोड लागेना. हातून काही चोरलं गेलं असेल आणि त्याचंच कौतुक होत असेल, तर कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं. पहिल्याच सत्रात शिकवणार होते, की माणसाची परवानगी घेतल्याशिवाय त्याची गोष्ट उचलायची नाही. मी तेच मोडून आत शिरले होते. आणि ज्या बाईच्या तोंडी ते मोठं वाक्य घातलं होतं, तिच्यावर मी तीन महिने मनातल्या मनात दात खात होते.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी मी सकाळची एसटी धरली. निमित्त काही काढलं नाही.

आत्या घरात होती. मला पाहून तिला आश्चर्य वाटलं नाही. पेढ्यांचा पुडा ठेवला, पाया पडले आणि सगळं सांगून टाकलं. सर्वे खोटा होता. तुझं सगळं लिहून मी परक्या माणसांना पाठवलं. आणि तू म्हणालीस म्हणून हे हे सांगितलं. मी ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

आत्या ऐकत होती. मग म्हणाली, "मी आसं म्हनले न्हाई."

"हो."

"आन म्हननारबी न्हाई. दुसऱ्यांचं मला काय? मला माज्या पायजे हुत्या."

ती उठली, कपाटातून एक पाकीट काढून आणलं आणि माझ्यापुढे टाकलं. प्रयोगशाळेचा अहवाल होता, आतेभावाच्या नावाचा. मी कांदे निवडून गेल्यावर चार दिवसांनी ती मुलाला घेऊन नगरला गेली होती आणि काउंटरवर तिनं सांगितलं होतं, माझ्या दोन पोरी रक्तानं गेल्या, आमचं लगीन नात्यातलं हाय, ह्याचं रगात तपासा. आयुष्यात पहिल्यांदा खरं सांगितलं. मुलगा वाहक निघाला होता. त्याला काही त्रास नाही, कधी होणारही नाही. फक्त बायको वाहक नसावी.

"म्हणून तू लग्न मोडलंस?"

"मंग काय करू? खरं कारन सांगितलं आस्तं तर तुज्या चुलत्याच्या पोरी बसल्या आस्त्या घरात. तुज्यात खोट काडली, तर तू चाललीच हुतीस शिकाया."

"आणि काका? भाऊबीजेला गोठ्यापाशी काय म्हणत होते?"

"तुज्या चुलत्यानं? आरं द्येवा. तो म्हनत हुता, पोरगी हुशार हाय, तिला शिकू दे, लग्नाची घाई नगं करू."

आत्या पुढे म्हणाली, "तुजं तपासलंस?"

"काय?"

"रगात. तू समद्यांला इचारत फिरलीस. तुजं तपासलंस का?"

नव्हतं तपासलं. घरादाराचं रक्त मी कागदावर मांडलं होतं, आणि स्वतःची सुई टोचून घ्यायची मला कधी आठवणसुद्धा झाली नव्हती. आत्याला उत्तराची गरज पडली नाही. "सोमवारी जा," ती म्हणाली, "तुज्या बापालाबी ने." आम्ही गेलो, ते पुढचं.

मग तिनं विचारलं, "तो कागद हाय का संगट?"

मोबाईलमध्ये होता. मी तक्ता मोठा करून तिच्यासमोर धरला. तिनं चष्मा लावला आणि चौकोन-गोल समजून घेतले. ही मी? हो, म्हटलं. हे मालक. ह्या दोन रेघा कशाच्या? मी सांगितलं. ती हं म्हणाली. मग तिचं बोट खाली त्या दोन लहान गोलांवर येऊन थांबलं.

"ह्या का?"

"हो."

"काट कुनी मारली?"

"मी. तशी पद्धत असते, आत्या."

मोबाईलचा उजेड दोनदा मंदावला, दोनदा मी बोटानं वाढवला. "बारसं दोगींचंबी झालं हुतं," ती म्हणाली, आणि तिनं त्यांची नावं घेतली, आधी थोरलीचं, मग धाकटीचं. आत्याचे मालक मघाशी येऊन उंबऱ्यात उभे होते, ते तिथेच बसले. एवढ्या वर्षांत त्या घरात ती नावं कुणी उच्चारली नव्हती, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं.

मी विचारलं, "आत्या, मी हे कधी लिहिलं, पुस्तकात वगैरे, तर चालेल का?"

तिनं विचार केला. लिही म्हणाली, सगळं लिही, सासूबाईंचं खोटं लिही, माझं लिही, तुझंही लिही. पण नावं लिहू नको. ती माझी आहेत.

ती नावं मला पाठ आहेत. इथं लिहिलेली नाहीत, कारण आत्या नाही म्हणाली, आणि या वेळी मी तिला विचारलं होतं.